एकट्याचा सराव : मल्लखांबापासून टांगलेल्या चेंडूपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे कोहिनूरला जमतो, ते शाळेत कवायत आणि खेळ शिकवायचे. या व्यासपीठावरून संतांवर बोलणं झालं, शेतीवर झालं, सीमाभागावर तर पुष्कळ झालं. खेळावर बोलायला आयोजकांनी मला बोलावलं, पण मी निवडलेला विषय खेळाच्याही आधीचा आहे. जोडीला कुणी नसताना सराव कसा करायचा? आणि त्यासाठी माणसानं काय काय साधनं शोधून काढली? जमिनीत पुरलेला खांब, मोज्यात घालून फांदीला टांगलेला चेंडू, घराची भिंत, पाण्याची टाकी, चेंडू फेकणारं यंत्र. दिसायला अगदी साध्या वस्तू आहेत. पण त्यांच्यामागे डोकं आहे आणि मोठा इतिहास आहे. त्यातला सगळ्यात जुना धागा तर आपल्याच तालुक्यातून निघतो.

हा विषय इथेच का मांडायचा? कारण आपल्या गावांत आता अकरा पोरं एका वेळी मैदानावर जमणं मुश्कील झालं आहे. कुणाचं घर पुण्याला गेलं, कुणाचं हैदराबादला, कुणी ऊसतोडीला. तुरीच्या काढणीत तर जे उरलेत तेही सापडत नाहीत. ज्या मुलीला खेळायचं आहे, तिला गल्लीत दुसरी मुलगी मिळत नाही. मग उरलेल्या त्या एकट्या पोरानं, त्या एकट्या पोरीनं काय करायचं? खेळ सोडून द्यायचा?

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढे ऐकायला सोपं जाईल. एकट्याच्या सरावाचं साधन चांगलं की वाईट, हे ओळखायची एकच खूण आहे. ते तुमची चूक तुम्हाला दाखवतं का? लगेच, तिथल्या तिथे, दर वेळी? दाखवत असेल तर ते साधन चार आण्याचं असलं तरी गुरू आहे. दाखवत नसेल तर लाख रुपयांचं यंत्रसुद्धा नुसता घाम काढतं.

आता आधी कल्याणला जाऊ.

बसवकल्याण म्हटलं की आपल्याला बसवण्णा आठवतात, अनुभवमंटप आठवतो, किल्ला आठवतो. पण त्याच्या थोडं आधी, 1126 ते 1138 या काळात, कल्याणच्या चालुक्य गादीवर तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. सहाव्या विक्रमादित्याचा हा मुलगा. त्यानं संस्कृतात एक अफाट ग्रंथ सिद्ध केला, ‘मानसोल्लास’. पाच विभाग, प्रत्येकात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं, काय खावं, कसं गावं, हत्ती कसा पकडावा, घोड्यावरून चेंडू कसा खेळावा, सगळं त्यात आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो आणखी एका कारणासाठी जवळचा आहे. त्यातल्या गाण्यांच्या नमुन्यांत जुन्या मराठीतल्या ओळी सापडतात. विसाव्या शतकात श्रीगोंदेकरांनी तो बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत संपादित केला, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो.

या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कुस्तीचं. पैलवानांच्या प्रती कशा लावाव्यात, त्यांना काय खाऊ घालावं, त्यांनी मेहनत कशी करावी, याचा तपशील तिथे येतो. मेहनतीचे प्रकार दिले आहेत: वजन उचलण्याचा श्रम, फिरण्याचा श्रम, पाण्यातला श्रम, हातांच्या झटापटीचा श्रम आणि स्तंभश्रम. स्तंभश्रम म्हणजे खांबावरची मेहनत. मल्लखांबाचा इतिहास लिहिणारे याच उल्लेखाला मूळ मानतात. जरा विचार करा. जगातल्या प्रेक्षकांनी 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कवर ज्या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा पाहिली, त्याची सगळ्यात जुनी लेखी नोंद आपल्या तालुक्याच्या गावात झाली. आपल्या किती शाळांत हे मुलांना सांगितलं जातं?

पण मला त्या नोंदीतली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. पैलवानाला खांब कशाला हवा होता? कुस्तीला तर जोड लागते. दोघांशिवाय कुस्ती होतच नाही. तरीही जोड नसताना अंगाला, मांड्यांना, पकडीला काम हवं, ही गरज त्या काळातल्या वस्तादांनी ओळखली आणि त्यावर उपाय काढला.

पुढे मधल्या शतकांत या खांबाबद्दल फारसं काही हाती लागत नाही. तो ठळकपणे पुन्हा दिसतो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. परंपरेत सांगतात, की निजामाच्या हैदराबादेतून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाचा तरुण उठला आणि त्यानं मुदत मागून घेतली. तो वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला, तिथे उपासना केली, माकडांच्या झाडावरच्या हालचाली पाहिल्या, आणि लाकडी खांबावर सराव करून परत आला. त्यानं अलीला चीत केलं आणि गुलाबनं माघार घेतली. गोष्टीत दृष्टान्त आहे, मारुतीराय आहेत, श्रद्धेचा भाग आहे, तो ज्याचा त्यानं मानावा. मला त्यात दिसतो तो मुदत मागणारा माणूस. समोर बलाढ्य मल्ल उभा आहे, त्याच्या तोडीचा जोडीदार सरावाला मिळणार नाही, हे त्यानं ओळखलं. मग जोडीदाराशिवाय तयारी कशी करायची, हा प्रश्न त्यानं सोडवला.

(आपण त्या काळी निजामाच्याच मुलखात होतो, 1948 पर्यंत होतो. तेव्हा अली-गुलाब ही एका अर्थानं आपल्याकडची माणसं. त्यांचाही थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. समोर ते नसते तर बाळंभटदादा गडावर गेलेच नसते.)

मल्लखांब ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवीचा असतो, जमिनीवर साधारण साडेआठ फूट. खाली बुंध्याशी जाड, वर निमुळता. सगळ्यात वर गोल बोंड, त्याखाली बारीक मान, त्याखाली अंग. त्याला एरंडेल चोळतात. तेल कशासाठी? कातडं सोलू नये म्हणून, हे तर झालंच. पण तेल लावलेल्या लाकडावर खोटी पकड टिकत नाही. नवीन मुलगा काय करतो? दोन्ही हातांनी खांब आवळतो, दात-ओठ खातो आणि सरकत खाली येतो. पुन्हा चढतो, पुन्हा सरकतो. मग कधीतरी मांड्या आणि पोटऱ्या खांबाला बसतात, अढी लागते, आणि हात सोडले तरी तो वर राहतो. वस्ताद बाजूला उभा असतो, पण ‘चुकलं’ हा शब्द आधी खांब उच्चारतो. खांबाचा घेर दर वितीला बदलतो, म्हणून खालची पकड वर चालत नाही. शरीराला दर वेळी नव्यानं विचार करावा लागतो. हे घडवलेलं साधन आहे, समजून उमजून घडवलेलं.

याचा दुसरा प्रकार टांगता मल्लखांब. आखूड खांब साखळीनं आकड्याला लटकवलेला. जमिनीला त्याचा स्पर्श नाही. अंगाचा तोल किंचित ढळला की तो झुलतो, गरकन फिरतो. पुरलेल्या खांबावर जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही. आणि तिसरा, दोरीचा मल्लखांब. आधी हा वेतावर करत, पुढे चांगला वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. मुलींनी हा प्रकार फार पुढे नेला. मुंबईत दृष्टिहीन मुलींनाही दोरीचा मल्लखांब शिकवला गेला आहे, आणि त्या तो सफाईनं करतात. ज्यांना आरशात पाहून चूक सुधारता येत नाही, त्यांना दोर अंगाला सांगतो की पकड कुठे सैल आहे. साधनानं चूक दाखवणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याजवळ नाही.

बाळंभटदादांनंतर त्यांच्या शिष्यांनी हा खेळ बडोदा, बनारस अशा गावांत नेला. बडोद्यात जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांची परंपरा झाली, दादरला 1925 साली समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं 1936 साली थेट बर्लिनला दाखवली. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. इकडे कर्नाटकात बागलकोट आणि गदगकडे मल्लखांब आजही गावोगाव टिकून आहे. आणि कल्याणजवळच्या आपल्या गावांत? हा प्रश्न मी आपल्यासमोर ठेवतो आणि पुढे जातो.

आता चेंडू.

टांगत्या मल्लखांबातली युक्ती चेंडूला लावली की काय होतं? वस्तू बांधलेली आहे, म्हणून ती हरवत नाही, आणायला पळावं लागत नाही. वस्तू झुलते, म्हणून ती परत येते. एवढ्या दोन गोष्टींवर जगभर किती खेळ उभे राहिले! अमेरिकेतल्या शाळांच्या आवारात उंच खांबाला दोरीनं बांधलेला चेंडू असतो, दोघांनी उलट-सुलट दिशांनी मारून दोरी गुंडाळायची. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशात चेंडू लांब रबरानं लाकडी ठोकळ्याला बांधून फळीनं खेळतात. इजिप्तमध्ये 1961 साली स्पीडबॉल निघाला, खांबाभोवती फिरणारा बांधलेला चेंडू रॅकेटनं मारायचा, आणि त्यात एकट्यानं खेळायची वेगळी स्पर्धा आहे. दिलेल्या वेळात किती फटके, यावर निकाल. फुटबॉलचे प्रशिक्षक हेडिंगसाठी उंचावर चेंडू टांगतात. बॉक्सिंगची लटकती बॅग तर चित्रपटांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्या पोरांचा मात्र जीव क्रिकेटमध्ये. तेव्हा मोज्यातल्या चेंडूपाशी मी जरा थांबणार आहे.

जुना लांब पायमोजा घ्यायचा, शक्यतो दोन, एकात एक. आत चेंडू. वर गाठ. गाठीला दोरी, दोरी फांदीला किंवा तुळईला. चेंडू खाली आल्यावर गुडघा ते मांडी यांच्या दरम्यान राहील अशी उंची. बस्स. आता बॅट सरळ ठेवून चेंडूला हलकेच पुढे ढकला. तो जाईल आणि परत येईल. पुन्हा सरळ बॅट. पुन्हा जाईल, पुन्हा येईल.

यात शिकायचं ते काय? नीट पाहा. बॅट सरळ असेल आणि चेंडू मधोमध लागला, तर तो ज्या रेषेत आला त्याच रेषेत जातो आणि त्याच रेषेत परत येतो. पण बॅट जरा तिरकी झाली, खालच्या हातानं घाई केली, तर चेंडू ती रेषा सोडतो. तो लांबट गोल फिरायला लागतो. आणि पुढचा चेंडू तुमच्याकडे दुसऱ्याच बाजूनं येतो! म्हणजे आत्ताच्या चुकीची शिक्षा पुढच्या चेंडूला. हिशेब लगेच चुकता. मुलानं फक्त एवढंच मोजायचं, की चेंडू गोल फिरू न देता लागोपाठ किती वेळा सरळ परत आणला. त्याला कुणाच्या शाबासकीची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याला कुणी फसवूही शकत नाही.

दोरीच्या लांबीतही शास्त्र आहे, आणि ते शाळेत शिकवलेलंच आहे. लंबकाला जाऊन-येऊन किती वेळ लागतो, हे दोरीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. दोरी सव्वादोन मीटर असेल तर हलक्या झोक्याला साधारण तीन सेकंद लागतात. एक मीटर केली तर दोन सेकंद. अर्ध्या मीटरवर आणली तर दीड सेकंदाच्या आत चेंडू दारात हजर. कॉर्कचा चेंडू घाला नाहीतर टेनिसचा, वेळ जवळपास तीच. म्हणून लहान मुलाला लांब दोरी द्या. त्याला पाय हलवायला, बॅट मागे न्यायला उसंत मिळते. तो तयार होईल तशी दोरी आखूड करत चला. विज्ञानाचे शिक्षक आणि खेळाचे शिक्षक यांनी हा एक तास मिळून घ्यावा, अशी माझी इथल्या शाळेला विनंती आहे. लंबकाचा नियम मुलं पुन्हा आयुष्यात विसरणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, अशा घरगुती युक्त्यांनी खेळाडू घडतात का हो? घडतात. ऑस्ट्रेलियात बाउरल नावाचं छोटं गाव आहे. तिथे एक पोरगा घरामागच्या पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या गोल चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू फेकायचा आणि परत उसळून येणारा चेंडू स्टंपानं मारायचा. बॅटनं नव्हे, स्टंपानं. विटांचा पृष्ठभाग गोल आणि ओबडधोबड, चेंडू कुठूनही यायचा, वेगानं यायचा, आणि मारायला हातात दीड इंचाची काठी. क्षेत्ररक्षणासाठी तो कुंपणाच्या गोल दांड्यावर चेंडू फेकायचा, कारण नेमका मधोमध लागला तरच तो हातात परत येतो. चुकला तर लांब जाऊन आणा. तोच डॉन ब्रॅडमन. कसोटीत 99.94 ची सरासरी. त्याला जोडीला मुलं मिळत नव्हती, म्हणून हे सगळं.

आणि आपला सुनील गावसकर? मुंबईत चिखलवाडीच्या घराच्या छोट्याशा गॅलरीत आई मीनल टेनिसच्या चेंडूनं गोलंदाजी करायच्या. एकदा सुनीलनं मारलेला चेंडू थेट त्यांच्या नाकावर बसला, रक्त आलं. त्यांनी नाक धुतलं आणि पुन्हा चेंडू टाकायला लागल्या. गावसकरांनीच हे आपल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. इथे बसलेल्या आयांना मी मुद्दाम हे सांगतो आहे. गॅलरी अरुंद होती, म्हणून फटका जमिनीलगत आणि सरळ मारावा लागला. जागेची अडचण हेच साधन झालं.

यंत्रांविषयी थोडक्यात. गोलंदाजाऐवजी यंत्र, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातच निकोलस फेलिक्स या फलंदाजानं ‘कॅटापल्टा’ नावाचं चेंडू फेकणारं यंत्र केलं. केंब्रिजचे तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन, ज्यांची एकमेकांत अडकलेली वर्तुळं आपण गणितात काढतो, त्यांनीही एक यंत्र बनवलं. 1909 साली ऑस्ट्रेलियाचा संघ तिथे आला असता त्या यंत्रानं त्यांच्या एका फलंदाजाचा चार वेळा त्रिफळा उडवला. टेनिसमध्ये फ्रान्सच्या रने लाकोस्तनं 1920 च्या दशकात चेंडू फेकणारं यंत्र करवून घेतलं. आज आपल्या भारतीय संघाबरोबर चेंडू फेकण्यात तरबेज असलेला एक माणूस असतो, रघू, आपल्या कर्नाटकातल्या कुमठ्याचा. हातात लांब दांड्याचं पळीसारखं साधन घेऊन तो असे वेगवान चेंडू सोडतो की मोठमोठ्या फलंदाजांनी त्याचे जाहीर आभार मानले आहेत. पण तिथे रघू लागतो. तो कोहिनूरला येणार नाही. आपल्याला दोरी आणि मोजा पुरेसा आहे.

पुरेसा म्हणालो, पण कशाला पुरेसा? हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. टांगलेला चेंडू टप्पा घेत नाही. तो आखूड पडेल की पुढे, हे ओळखायची सवय त्यानं लागत नाही. त्याचा मार्ग ठरलेला असतो, गोलंदाजाच्या मनगटाकडे पाहायचं कारण उरत नाही. आणि तो अंगावर येत नाही, त्यामुळे भीती मोडत नाही. वर्षभर नुसत्या मोज्यातल्या चेंडूवर खेळलेल्या मुलाचे हात सुरेख होतात आणि पाय जमिनीला चिकटतात, हे मी पुष्कळ मुलांत पाहिलं आहे. खांबाचंही तसंच. खांब डाव टाकत नाही, हूल देत नाही. बाळंभटदादांनाही शेवटी गडावरून उतरून अलीसमोर उभं राहावंच लागलं. आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळायचं, बाद नाही झाला तर सचिनला. त्या नाण्यासाठी दमलेल्या फलंदाजावर ताजे गोलंदाज तुटून पडायचे. ते काम कुठलीही दोरी करू शकत नाही. म्हणून एकट्याचा सराव रोज, आणि आठवड्यातून एकदा तरी शेजारच्या गावच्या पोरांबरोबर सामना. आळंदकडची पोरं येऊ देत, उमरग्याकडची येऊ देत. कुणी कन्नड बोलेल, कुणी मराठी, कुणी दख्खनी. ‘आउट’ सगळ्यांना एकसारखंच कळतं.

आता कामाचं बोलतो. शाळेच्या आवारात, झाड असेल तर झाडाला, नसेल तर उलट्या ‘एल’सारखा लोखंडी पाइप पुरून, तीन वेगवेगळ्या उंचीवर चेंडू टांगता येतील. फांदीला थेट दोरी बांधू नका, घासून तुटते. लोखंडी कडी अडकवा आणि कडीला दोरी. पिळाची नायलॉन दोरी चेंडूला गरगर फिरवते, विणलेली सुती दोरी घ्या. आठवड्याला गाठ तपासा. बांधलेल्या चेंडूच्या मागे दुसऱ्या मुलाला उभं राहू देऊ नका. यातला एक चेंडू मुलींसाठी राखून ठेवा, आणि राखून ठेवा म्हणजे खरोखर राखून ठेवा. संध्याकाळी पाच ते सहा तिथे मुलगे फिरकणार नाहीत, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

मल्लखांबाचं मात्र असं करू नका. तो शिकलेल्या माणसाशिवाय आणि खाली जाड गादीशिवाय सुरू करू नये, मानेला दुखापत होऊ शकते. सोलापूरकडून किंवा बागलकोटकडून जाणता प्रशिक्षक बोलवा, सुट्टीत शिबिर घ्या, आपल्या दोन-तीन शिक्षकांना आधी तयार करा. खेलो इंडियात मल्लखांबाचा समावेश झाला आहे, तेव्हा मुलांना पुढे स्पर्धाही आहेत. सोमेश्वराच्या कल्याणच्या परिसरात खांब पुन्हा पुरला जावा, ही इच्छा मी फार वर्षं बाळगून आहे, आणि ती आपल्यासमोर बोलून दाखवायला मिळाली याचा मला आनंद आहे.

मापांचा कागद मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. उद्या सकाळी सात वाजता शाळेमागच्या कडूलिंबाला पहिला चेंडू आपण मिळून टांगू. ज्यांना यायचं आहे त्यांनी घरून एक जुना लांब मोजा आणावा, धुतलेला. आता प्रश्न विचारा. आधी मुलांचे घेऊ, मोठ्यांचे नंतर.